गोल अक्षराची वरची बाजू

यंत्र सुरू झालं आणि अनेस्तीसनं त्याला खालचा सूर दिला. आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच उशिरा कळलं. शहराबाहेरच्या सिंदोसच्या त्या लांबरुंद शेडमध्ये, डोळ्यांना टोचणाऱ्या पांढऱ्या दिव्यांखाली, ॲल्युमिनियमच्या पट्टीचं भेंडोळं एका टोकानं यंत्राच्या तोंडात शिरत होतं, आत कुठेतरी खाच पडत होती, आणि दुसऱ्या टोकानं पट्टी वळत वळत अशी बाहेर येत होती, जणू कुठे वळायचंय हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. यंत्र एका संथ स्वरात घुमत होतं. वळण आलं की जरा वर चढायचं, सरळ भाग आला की पुन्हा घरी यायचं. आणि अनेस्तीसच्या मिटलेल्या ओठांआडून, छातीच्या तळातून, त्या घुमण्याखाली अगदी नेमका आधार लागला होता. गेली तीस वर्षं नेआपोली वस्तीच्या चर्चमध्ये, प्रोद्रोमोस मास्तरांच्या डाव्या हाताला उभं राहून तो हेच करत आला होता. मास्तरांनी गायचं, यानं खालचा एकच सूर धरून ठेवायचा. गाणाऱ्याच्या पायाखालची फरशी व्हायचं. फरशीकडे कुणी बघत नाही, पण ती नसली तर देवाचं नावही अधांतरी लोंबतं. तो सूर मास्तरांचा, असंच तो आजवर मानत आला होता. आणि आता दिला तो कुणाला, तर मास्तरांचं काम घ्यायला निघालेल्या लोखंडाला.

"काही म्हणालात का साहेब?" यंत्र दाखवणाऱ्या फोतीसनं वाकून विचारलं.

"बाबा चर्चमध्ये सूर धरतो ना," सिमेऑन हसत म्हणाला. "घरी फ्रीज घुमायला लागला तरी सुरू होतो. आई म्हणते, बरं झालं आपण विमानतळाजवळ राहत नाही."

फोतीस हसला. अनेस्तीसही हसला, कारण पोरगा प्रेमानं बोलला होता आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच मोकळा हसत होता. पण दुसऱ्याच्या पंगतीत बसून आपल्या घरातला मंत्र म्हणून टाकावा, तसं त्याला झालं. त्यानं घसा खाकरला, जणू तो आवाज म्हणजे खोकलाच होता, आणि यंत्रातून बाहेर पडलेलं अक्षर हातात घेतलं. सिग्मा होता. आतले कोपरे धारदार, पट्टीवर ओरखडा नाही, दोन टोकं जुळत होती तिथे नखही शिरत नव्हतं. त्यानं अंगठा फिरवून पाहिलं. दोष सापडला असता तर केवढा आधार झाला असता.

प्रश्न तसा साधा होता. अक्षरांच्या पाट्या बनवणाऱ्या त्यांच्या दुकानात सगळं घरचं होतं. पुढचा ॲक्रिलिकचा चेहरा आणि मागचा पत्रा घरच्या कापायच्या यंत्रावर, राउटरवर, कापला जायचा, दिवे सिमेऑन बसवायचा, शिडीवर बापलेक दोघे. बाहेरून फक्त एकच गोष्ट यायची, ती म्हणजे अक्षराची भिंत, चेहरा आणि पाठ यांच्यामधली वळवलेली पट्टी. ती खालच्या गल्लीतले प्रोद्रोमोस मास्तर हातानं वळवून, दुकानातून गेलेल्या पाठीच्या पत्र्यावर बसवून द्यायचे. अलीकडे ती उशिरा यायची. एखादा दुकानदार उद्घाटनाची तारीख ठरवून बसलेला असायचा, पाद्री पवित्र पाणी शिंपडून जायचा, आणि वर पाटीच्या जागी नुसत्या वायरी. "मास्तरांपुढे मी हात जोडतो," सिमेऑन म्हणायचा, "पण हात जोडून पाटी लागत नाही, बाबा." त्यात चूक काय होती? काहीच नव्हती. पोरगा बरोबर होता, आणि बरोबर असलेल्या माणसापुढे बसून राहण्यात एक वेगळाच शीण असतो.

शेडमध्ये दोन यंत्रं मांडलेली होती. मोठं सगळं आपलं आपण करायचं. चित्र संगणकातून घ्यायचं, पट्टी सरळ करायचं, खाच पाडायचं, वळवायचं. "तुम्ही फक्त भेंडोळं लावा आणि कॉफी प्या," फोतीस म्हणाला. लहान यंत्र म्हणजे एक टेबल, खाच पाडायला पायाखाली दांडा, वळवायला हाताचं चाक. खुणा माणसानं करायच्या, चाक माणसानं फिरवायचं, किती फिरवायचं तेही माणसाच्या मनगटाला कळायला हवं. त्या लहान यंत्रापुढे एक तिपाई ठेवलेली होती, निळ्या रेक्झिनची, बसून बसून मध्ये खचलेली. शेडमध्ये शिरल्या शिरल्या अनेस्तीसची नजर त्या तिपाईवर गेली होती आणि तिच्यावर त्यानं मनातल्या मनात मास्तरांना बसवूनही टाकलं होतं. त्यांचा तो चामडी एप्रन, कानावरची पेन्सिल, गुडघ्यावर पसरलेला रुमाल. दुकानात कोपऱ्यात बसतील, ऊब राहील, बायको मेरोपी दुपारी दोन घास जास्त करील. घरी येईपर्यंत तो हेच जोखत राहणार होता. तिपाई घ्यायची की नाही?

"स्टील करता का?" फोतीस विचारत होता.

"कधीमधी. दवाखान्यांसाठी."

"मग लहान यंत्राचं पातं टिकणार नाही. आणि वीज तीन फेजची आहे ना? दार केवढं आहे?"

दार केवढं आहे. अनेस्तीसनं हात पसरून दाखवलं. मोठं यंत्र दारातून जाईल, पण भिंतीकडची फळी काढावी लागेल, असं सिमेऑन म्हणाला. त्या फळीवर मास्तरांकडून आलेल्या पट्ट्या ठेवत. वळवलेली, चेहरा नसलेली अक्षरं, आतून रिकामी, एकमेकांना टेकून वाट बघत असलेली. फळीचं काय एवढं? चार खिळे. फोतीसनं कागद पुढे केला, सिमेऑननं बापाकडे पाहिलं, आणि अनेस्तीस म्हणाला, "सोमवारी सांगतो. आज लेंटच्या उपासाचा शुक्रवार आहे, उपाशीपोटी सही करू नये." असा काही नियम नव्हता. सिमेऑनला ते ठाऊक होतं. तो किल्ल्या खिशात शोधू लागला.

परत येताना गाडीत रेडिओ बंद होता. बाहेर गोदामं, टायरची दुकानं, सपाट राखाडी आकाश, आणि त्याला रस्त्यावरच्या पाट्यांखेरीज काही दिसेना. त्याला नेहमीच असं व्हायचं. माणसं पाट्या वाचतात, हा पाट्यांच्या कडा बघायचा. कुठे पट्टी सुटली आहे, कुठे दिवा पिवळा पडलाय, कुठे पावसानं भिंतीवर काळा ओघळ आणलाय. आणि मग, नको असताना, तो ओ आला. बेकरीच्या पाटीवर 'फूर्नोस' असं लिहिलेलं होतं, भट्टी. त्यातला शेवटून दुसरा, गोल ओ. मागच्या आठवड्यात बेकरीवाल्यानं फोन केला, अक्षर अंधारलंय म्हणून. अनेस्तीस एकटाच शिडी घेऊन गेला. अक्षर स्क्रूवरून सोडवलं तर जड लागलं, भरलेल्या हंड्यासारखं, आणि कलताच गार पाणी बाहीतून काखेपर्यंत गेलं. आतले दिवे बुडून मेले होते.

अक्षरात पाणी शिरतंच, कितीही चिकटवा. म्हणून प्रत्येक अक्षराच्या खालच्या बाजूला दोन बारीक भोकं पाडायची, शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. बहुतेक अक्षरांना वर कुठलं, खाली कुठलं ते दिसतं. गोल ओला दिसत नाही. तो कसाही फिरवा, ओच. म्हणून मास्तर पाठीच्या पत्र्यावर, वरच्या बाजूला, दाभणानं एक छोटा क्रूस कोरायचे आणि भोकं बरोब्बर त्याच्या समोर, खाली पाडायचे. लावणाऱ्यानं एवढंच बघायचं, क्रूस वर. शिकाऊ होता तेव्हा अनेस्तीसला त्याची गंमत वाटायची, की नेआपोलीतल्या, शेजारच्या सिकियेसमधल्या कितीतरी दुकानांच्या कपाळावर, भिंतीकडे तोंड करून, कुणाला न दिसणारे इतके क्रूस आहेत. औषधवाला, चपलावाला, लॉटरीवाला, सगळे त्याच्या छायेत बसलेत आणि त्यांना पत्ताच नाही. शिडीवर उभ्या उभ्या, बाही निथळत असताना, त्यानं तो ओ उलटा करून पाहिला. क्रूस वर होता. त्यानं बरोबर लावला होता. आणि भोकंही वर होती. क्रूसाच्या अगदी शेजारी, दोन्ही बाजूंना एक एक, नीट मोजून, कडा घासून गुळगुळीत केलेली. हीच गोष्ट त्याच्या मनातून जाईना. भोकं घाईत पाडलेली नव्हती. नेहमीच्या प्रेमानं, नेहमीच्या सफाईनं, चुकीच्या जागी पाडलेली होती.

खाली उतरल्यावर बेकरीवाला म्हणाला, "काय झालं?" आणि अनेस्तीस म्हणाला, "मीच उलटा लावला होता." घरी सिमेऑनलाही तेच सांगितलं. "तू? उलटा?" सिमेऑननं विचारलं. "तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?" आणि ते त्यानं गोड मानून घेतलं, कारण लक्ष कुठे असतं हे विचारलेलं आपल्याला परवडतं. मास्तरांना परवडणार नाही.

तो चर्चमध्ये पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. अजूनही धड येत नाही. मास्तरांनी त्याला दुकानात हातोडीच्या ठोक्यावर गुणगुणताना ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्याकडे एकच सूर आहे, पण तो तुझा आहे. रविवारी ये." पहिल्या काही रविवारीच अपघात झाला. मास्तर एका ओळीत घसरले, स्वर निसटून भलतीकडे गेला, आणि अनेस्तीस भक्तीनं, घाबरून, त्यांच्यामागे गेला. दोघे मिळून अशा खड्ड्यात पडले की पाद्रीनं वेदीच्या दारातून डोकं बाहेर काढलं. नंतर पायऱ्यांवर मास्तरांनी त्याची कॉलर धरली होती, रागानं नाही, शिवणीचं माप घेतात तशी. "मी चुकलो तर माझ्यामागे यायचं नाही. कळलं? तू जिथे आहेस तिथेच थांब. हलू नकोस. मी परत येतो." आणि खरंच, त्यानंतर ते कधी घसरले तरी खाली सूर जागच्या जागी असायचा, आणि ते अंधारात जिन्याचा कठडा सापडावा तसे परत यायचे. लोकांना पत्ताही लागायचा नाही. एवढंच त्याचं आयुष्यातलं शिक्षण. मग शिडीवरून उतरून बेकरीवाल्याशी खोटं बोलताना तो काय करत होता? थांबला होता, की मागे गेला होता?

"बाबा, इथे सोडू?" सिमेऑननं खालच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू केली. त्याला न सांगता कळलं होतं. "जा, बोल त्यांच्याशी. आणि हे बघ. लहान यंत्र घेतलं तर ते म्हणजे मास्तरांचा हातच आपण दुकानात आणून ठेवतोय. त्यापेक्षा ते नुसतेच आले, बसले, तरी मला चालेल. खरंच. कॉफी पितील, मला शिव्या देतील."

"मास्तर नुसते बसणार नाहीत."

"माहितेय," सिमेऑन म्हणाला. "म्हणून तर तू निवड. मी निवडलं तर ते यंत्र होईल. तू निवडलंस तर..." त्यानं गाडी फिरवली.

मास्तरांच्या कारखान्याला दार नव्हतं, शटर होतं, तेही अर्धं. वाकून आत गेलं की आधी तेलाचा वास, मग धूप, मग तिळाच्या हलव्याचा. भिंतीला ओळीनं लोखंडी नळ्या टेकवलेल्या, बारीक ते जाड. पट्टी त्यांच्यावर धरून वळवायची. प्रत्येक नळीला मास्तरांनी गल्लीतल्या कुणाच्या तरी पोटाचं नाव दिलं होतं. सगळ्यांत बारीक म्हणजे टेलिफोनवाला लेफ्तेरीस, बिचारा कधी पोटभर जेवलाच नाही. सगळ्यांत जाड म्हणजे पाद्री.

"ये. पाय पूस, काल झाडलंय."

"खोटं बोलताय, मास्तर."

"शुक्रवारी मी खोटं बोलत नाही. बाकीचे दिवस पुरतात." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सिंदोसला गेला होतास."

"कुणी सांगितलं?"

"इस्त्रीचा सदरा. भर दुपारी इस्त्रीचा सदरा घालून माणूस एकतर वकिलाकडे जातो, नाहीतर मुलगी बघायला. मेरोपी जिवंत आहे म्हणजे मुलगी नसणार. कशी आहे?"

"कोण?"

"नवरी! उंच आहे? घरचं काम येतं? का नुसती नट्टापट्टा?"

अनेस्तीस हसला आणि नळ्यांजवळच्या पेटीवर बसला. हसल्यामुळे अधिकच दमल्यासारखं झालं. "दोन आहेत. एक थोरली, एक धाकटी."

"म्हणजे चैन आहे. थोरली सिग्माचा आतला कोपरा कसा घेते?"

"आधी खाच पाडते, मग वळवते."

"मग मी काय करतो? तेच करतो."

"हो, पण तिचा हात..." तो थांबला. वाक्य मात्र थांबलं नाही, ते दोघांच्या मध्ये टेबलावर येऊन बसलं. मास्तरांच्या हातात पट्टी होती. तिचं मोकळं टोक हवेत बारीक थरथरत होतं, झाडावरून नुकताच पक्षी उडालेल्या फांदीसारखं. त्यांनी ते पाहिलं. अनेस्तीसनंही पाहिलं. मग त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि हात एप्रनच्या खिशात घातला, काही शोधायला म्हणून. खिशात काही नसावं. हात तिथेच राहिला.

"धाकटीपुढे तिपाई आहे," अनेस्तीस घाईनं म्हणाला. "हाताचं चाक आहे. माणूस लागतो तिला, मास्तर. तुमच्यासारखा. एकदा चला की बघायला. सोमवारी. तुम्ही सांगाल ती घेऊ."

"मी माझ्या शवपेटीचं लाकूड निवडायला यायचं? तेवढं तरी तुम्ही करा रे." ते हसले. हसणं खरं होतं, पण आखूड. मग नळ्यांकडे बघत, अगदी सहज, जणू पावसाबद्दल विचारावं तसं म्हणाले, "बेकरीतला ओ तू उलटा लावलास म्हणे."

"हो."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच."

"घाईत होतो."

"क्रूस बघितला नाहीस?"

"नाही."

मास्तरांनी चष्मा काढला, एप्रनला पुसला, पुन्हा घातला. "आज शुक्रवार आहे, अनेस्तीस," ते म्हणाले. आणि मग वेगळ्याच आवाजात, "हलवा खा. कोकोवाला आहे, उपासाचं पाप नाही." त्यांनी सुरीनं तुकडा कापून कागदावर पुढे केला, डाव्या हातानं. उजवा खिशातच होता. हलवा टाळूला चिकटला आणि अनेस्तीसला पुढे काही बोलता आलं नाही, याचं त्याला बरंच वाटलं.

संध्याकाळी चर्च भरलेलं होतं. लेंटमधल्या शुक्रवारी तसं भरतंच. कामावरून थेट आलेल्या बायका, पायाशी भाजीच्या पिशव्या, मेणाचा वास, थंडीनं ओलसर झालेले कोट. स्तोत्राची ती लांबच लांब मालिका, देवाच्या आईला पुन्हा पुन्हा घातलेली हाक, त्याला लहानपणापासून ऐकावंसं वाटायची ती तिच्या अर्थासाठी नाही, तिच्या न संपण्यासाठी. प्रत्येक कडवं संपतं आणि सगळे लोक मिळून तेच पालुपद उचलतात, आणि वाटतं की कुणी तरी थकलेल्या माणसाचा हात हळूच उचलून पुन्हा मांडीवर ठेवतंय. मास्तर पुस्तकाच्या उभ्या फळीपाशी उभे होते, त्यांचं बोट ओळीवर. अनेस्तीस डावीकडे. त्यानं सूर लावला आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या खांद्यातली गाठ सैल झाली. सकाळचा त्या यंत्राचा आवाज कानात होता, तो हळूहळू विरला. मास्तरांचा आवाज म्हातारा झाला होता, कडांना चिरा पडल्या होत्या, पण तो वळण घ्यायचा तेव्हा आधी थोडा मागे सरायचा आणि मग जायचा. पट्टी वळवतानाही ते तसंच करायचे. आधी किंचित उलट्या बाजूला दाबायची, मग वळवायची, म्हणजे धातू दुखावत नाही. यंत्र असं करत होतं का? त्यानं बघितलं नव्हतं. सोमवारी बघायला हवं, असं वाटलं, आणि लगेच वाटलं, देवापुढे उभा राहून मी काय हिशेब लावतोय.

आणि मध्येच मास्तरांचा आवाज थांबला. ओळ संपली होती, पुढची यायची होती, आणि ती आली नाही. अनेस्तीसला आधी वाटलं श्वास घेताहेत. मग त्यानं डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. बोट पुस्तकावरच होतं, पण एकाच शब्दावर, आणि ते त्या शब्दाकडे अशा नजरेनं बघत होते, जणू घरातल्या एखाद्या खोलीत आलोय आणि कशासाठी आलो ते आठवत नाही. पुस्तकात बोट ठेवून पुढची ओळ दाखवायला हवी होती. पण त्याला ती लिपी कुठे येत होती? त्याला एकच गोष्ट येत होती. तो सूर धरून राहिला. चर्चमध्ये आता फक्त तेवढाच होता, वर गाणं नसलेला खालचा सूर, भिंती वर चढण्याआधीच उघडी पडलेली फरशी. सोबत गाणारा असला की श्वास कुठेही चोरता येतो, एकट्या सुराला कुठेही लपायला जागा नसते. छातीत कळ यायला लागली. त्यानं ओठाच्या कोपऱ्यातून थोडा श्वास चोरला, सूर पातळ झाला, तुटला नाही. पाद्री वेदीच्या दारात आला आणि तिथेच थबकला. बायकांनी माना खाली घातल्या होत्या. अनेस्तीसला मास्तरांकडे बघावंसं वाटलं आणि त्यानं बघितलं नाही. बघणं म्हणजेही मागे जाणं. तो समोरच्या मेणबत्तीकडे बघत राहिला आणि जिथे होता तिथेच उभा राहिला. मग, किती वेळानं कोण जाणे, उजवीकडून एक हलका, चिरा पडलेला आवाज आला, चुकीच्या नाही, बरोबर स्वरावर, थोडा मागे सरून, मग वळून. ते परत आले होते.

बाहेर पायऱ्यांवर एक म्हातारी त्यांचा हात धरून म्हणाली, "मास्तर, आज मध्ये थांबलात ना, अंगावर काटा आला हो. इतकं शांत!"

"हो," मास्तर म्हणाले. "मुद्दामच थांबलो."

ती गेल्यावर त्यांनी अनेस्तीसकडे पाहिलं. दोघे उतारानं चालू लागले. दिवे लागायची वेळ, दुकानं अजून उघडी, कुणीतरी लोखंडी खुर्च्या फरफटत आत नेत होतं. बेकरी वाटेतच होती. तिच्यावर पाटी पेटलेली होती, सगळी अक्षरं होती आणि शेवटून दुसरं नव्हतं. तिथे भिंतीवर चार स्क्रू आणि दोन वायरी, टेप गुंडाळलेल्या. दात पडलेलं तोंड हसतंय असं वाटत होतं. मास्तर त्याखाली थांबले. भट्टीतली गरम हवा दारातून त्यांच्या पायांवर येत होती.

"क्रूस कुठे होता?" त्यांनी विचारलं. वर बघत विचारलं, त्या रिकाम्या जागेला विचारावं तसं.

अनेस्तीसला उत्तरं कितीतरी सुचली. घाई, अंधार, शिडी, पाऊस. ती सगळी दयेची होती, आणि एकेक उत्तर म्हणजे त्यांच्यामागे खड्ड्यात टाकलेलं एकेक पाऊल होतं. त्याच्या छातीत अजून मघाची कळ होती.

"वर होता, मास्तर," तो म्हणाला.

"बरं."

आतून कुणीतरी पावांची परात आपटली. मास्तर मान वर करूनच उभे होते. मग त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशातून काढला आणि उजेडात धरून बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. थोडा थरथरू दिला. "वर होता," ते म्हणाले. "म्हणजे भोकंही वर. मग पाणी कुठून जाणार बिचारं?" आणि थोड्या वेळानं, "धाकटी नको घेऊस. तिपाईवर माणूस बसतो, आणि माणूस... थोरली घे."

"मास्तर..."

"स्टीलला पण लागेल ती. धाकटीचं पातं टिकत नाही, मला कुणी सांगायला नको." ते जरा हसले. "तिला गोल ओची वरची बाजू कळते का?"

"नाही. तिला सगळे ओ सारखेच."

"मग कोरायचं राहू देऊ नकोस. तू कोर. सिमेऑनला शिकव."

त्यांनी अनेस्तीसच्या कोपराला हात घातला. इतक्या वर्षांत ते असे कधी चालले नव्हते. हात हलका होता आणि त्यातली थरथर सदऱ्याच्या बाहीतून कळत होती, लांबून येणाऱ्या ट्रकची जमिनीला कळते तशी. उतार संपला तिथे रस्ता दुभंगत होता. मास्तरांचं घर डावीकडे, औषधाच्या दुकानाला वळसा घालून. इथेच ते रोज निरोप घ्यायचे, आणि मास्तरांनी कोपर सोडलं. "सोमवारी सही कर. उपाशीपोटी करू नकोस," ते म्हणाले, म्हणजे चर्चच्या आधी, मधल्या वेळात, सिमेऑन येऊन त्यांच्याशी बोलून गेला होता. मग दोन पावलं पुढे गेले आणि थांबले.

डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. औषधाच्या दुकानाचा हिरवा क्रूस उघडझाप करत होता आणि त्यांचा चेहरा हिरवा होत होता, विझत होता, हिरवा होत होता. मघा पुस्तकावरच्या शब्दाकडे बघत होते तसंच ते त्या दोन रस्त्यांकडे बघत होते. अनेस्तीसचा हात वर झाला. डावीकडे, मास्तर, एवढंच तर म्हणायचं होतं. त्यानं हात खाली घेतला. तो त्या फाट्याच्या कडेला, बेकरीच्या उजेडाच्या टोकाला, पाय रोवून उभा राहिला. ओठ मिटलेलेच होते, आणि छातीच्या तळातून, इतक्या हळू की आपला आपल्यालाही ऐकू येऊ नये, सूर लागला. मास्तरांची मान किंचित वळली. ते थोडे मागे सरले, आणि मग डावीकडे निघाले.